घराचा विमा आणि बांधकामाची हमी : घर बांधण्यापूर्वी काय पाहावे?

दोन-चार हंगाम बरे गेले की घराचा विचार मनात येतो. विहीर झाली, पाइपलाइन झाली, आता पक्के घर हवे असे सर्वांनाच वाटते. या एका कामात कित्येक वर्षांची शिल्लक जाते, शिवाय बँकेचे कर्ज होते ते वेगळेच. बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल वाचतो आणि पावती जपून ठेवतो. मात्र त्याहून शेकडो पट खर्चाचे घर आपण बहुधा तोंडी बोलीवर बांधून घेतो.

एका शेतकरी मेळाव्यात पिकांची चर्चा संपल्यावर एका बांधवाने उठून वेगळाच प्रश्न विचारला. त्यांचे घर बांधून दोन वर्षे झाली होती. दुसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली तिरपे तडे गेले आणि दारे चौकटीत अडकू लागली. बँकेने कर्ज देताना घराचा विमा उतरविला होता, म्हणून त्यांनी विमा कंपनीकडे दावा केला. कंपनीने तो नामंजूर केला. "मग हप्ता भरून उपयोग काय?" असा त्यांचा सवाल होता. त्यांचे नुकसान खरे होते, पण त्यांनी दार चुकीचे ठोठावले होते. योग्य दार ठेकेदाराच्या हमीचे होते आणि ती हमी कोठेही लिहिलेली नव्हती.

असा प्रसंग आपल्यावर येऊ नये म्हणून विमा आणि हमी यांतील फरक, त्या कोठून मिळतात आणि घर बांधताना कोणती काळजी घ्यावी, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

विमा वेगळा, हमी वेगळी

हा फरक शेतीतील उदाहरणाने चटकन लक्षात येईल. पीक विमा नैसर्गिक आपत्तीमुळे उत्पन्नात आलेल्या घटीसाठी असतो. बियाणेच सदोष निघाले आणि उगवले नाही, तर पीक विमा कामी येत नाही. तेव्हा पावती, पिशवी आणि लेबल घेऊन आपण तालुक्याच्या बियाणे तक्रार निवारण समितीकडे जातो.

घराचेही तसेच आहे. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप अशा अचानक ओढवलेल्या संकटाची भरपाई विमा देतो. पाया कमी खोल घेतला, सिमेंट कमी घातले, स्लॅबवर पुरेसे पाणी मारले नाही, म्हणून तडे गेले किंवा गळती झाली, तर तो बांधकामाचा दोष होय. त्याची जबाबदारी बांधणाऱ्यावर येते आणि ती हमीने पक्की करून घ्यावी लागते. विमा हमीची जागा घेत नाही आणि हमी विम्याची जागा घेत नाही. घरमालकाजवळ दोन्ही असणे आवश्यक आहे.

काळी जमीन आणि भिंतीचे तडे

वरील बांधवांचे घर भारी काळ्या जमिनीवर होते. या जमिनीतील चिकणमातीचा प्रकार असा असतो की ती पाणी शोषून फुगते आणि वाळल्यावर आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात हे आपण दरवर्षी पाहतो. तीच माती घराखालीही असते. घराच्या मध्यभागी ओल टिकून राहते आणि बाहेरच्या कडेची माती मात्र पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे पाया सगळीकडे सारखा उचलला जात नाही किंवा सारखा खचत नाही, आणि भिंत तिरपी तडकते.

हा धोका बांधकामशास्त्राला नवीन नाही. खोल काळ्या जमिनीसाठी अंडररीम्ड पाइल नावाचे, बुडाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब वापरण्याची पद्धत आहे. अशा जमिनीत त्यांची लांबी जमिनीच्या पातळीपासून किमान साडेतीन मीटर असावी असे सांगितले जाते, कारण ऋतूप्रमाणे होणारी मातीची हालचाल त्या खोलीवर फारशी पोचत नाही. काळा थर उथळ असेल तर तो पूर्ण काढून पाया मुरुमावर किंवा खडकावर टेकविता येतो. पाया खोदताना निघालेली काळी माती जोत्यात भरू नये, तेथे मुरूम भरून ठोकून घ्यावा. घराभोवती फरसबंदी करावी. न्हाणीघराचे पाणी पायाशी मुरू देऊ नये आणि मोठी झाडे भिंतीलगत लावू नयेत.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. घराच्या विम्यात जमीन खचणे ही आपत्ती समाविष्ट असते. मात्र नव्या बांधकामाचे नेहमीचे बसणे व तडकणे, भराव टाकलेल्या जमिनीचे खचणे, तसेच सदोष आराखडा, सदोष काम किंवा हलके साहित्य यांमुळे झालेले नुकसान त्यातून वगळलेले असते. मेळाव्यातील बांधवांचा दावा याच कलमावर अडला.

शहरात सदनिका घेताना

मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याला किंवा शहरात सदनिका घेणारे शेतकरी आता पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी २०१६ चा स्थावर संपदा (नियमन व विकास) कायदा, म्हणजेच 'रेरा', उपयोगी आहे. त्यातील पुढील तरतुदी ध्यानात ठेवाव्यात.

१) ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत इमारतीच्या रचनेत, कामाच्या प्रतीत किंवा सोयींमध्ये दोष आढळला आणि तो बिल्डरच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. तसे न केल्यास ग्राहकाला भरपाई मागता येते.

२) नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

३) ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते. ती जमीन व बांधकाम यांच्या खर्चासाठीच वापरता येते.

४) जमिनीची मालकी सदोष निघाल्यास खरेदीदाराला भरपाई मागण्याचा हक्क आहे आणि या दाव्याला मुदतीची आडकाठी येत नाही.

५) जमिनीच्या मालकीचा आणि बांधकामाचा विमा बिल्डरने उतरवावा अशी तरतूदही कायद्यात आहे. परंतु तिची सक्ती शासनाच्या अधिसूचनेवर अवलंबून आहे. म्हणून असा विमा घेतला आहे काय, हे बिल्डरला विचारावे आणि घेतला असल्यास त्याची प्रत मागावी.

जमिनीचे क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सर्व टप्पे मिळून सदनिका ८ पेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाच्या नोंदणीची सक्ती नाही. तालुक्याच्या गावातील कित्येक लहान इमारती या सवलतीत बसतात. अशा ठिकाणी करारनामा अधिक बारकाईने वाचावा. नोंदणीकृत प्रकल्पाची माहिती महारेराकडे नोंदणी क्रमांकावरून पाहता येते. केवळ माहितीपत्रकावर क्रमांक छापला आहे म्हणून विसंबून राहू नये.

स्वतःच्या जागेवर घर बांधताना

आपल्यापैकी बहुतेकांचे घर गावठाणात किंवा मळ्यात, स्वतःच्या जागेवर असते. ठेकेदार तेथे घर विकत नसतो, आपल्यासाठी काम करून देत असतो. त्यामुळे रेराची ५ वर्षांची हमी त्याला लागू होत नाही. कायद्याने आयती न मिळणारी ही हमी आपणच कराराने निर्माण करावयाची असते. बहुसंख्य शेतकऱ्यांची फसगत नेमकी येथे होते.

ठेका दोन प्रकारचा असतो. एकात साहित्य आपले व मजुरी ठेकेदाराची असते, तर दुसऱ्यात साहित्यासह सर्व काम चौरस फुटाच्या भावाने दिले जाते. पहिल्या प्रकारात दोष निघाला की ठेकेदार सिमेंटवर बोट ठेवतो आणि दुकानदार गवंड्यावर. म्हणून कोणती जबाबदारी कोणाची हे आधीच लिहून घ्यावे. योग्य किमतीच्या मुद्रांकावर, दोन साक्षीदारांसमक्ष करार करावा आणि त्यात पुढील बाबी असाव्यात.

१) बांधकामाचे क्षेत्रफळ, ते मोजण्याची पद्धत (गॅलरी, जिना, ओटा धरावयाचा की नाही) आणि दर.

२) अभियंत्याने सही केलेला नकाशा. त्यात पायाची खोली, कॉलम-बीमचे माप, सळईची जाडी व संख्या आणि काँक्रीटचे प्रमाण असावे. "चांगल्या प्रतीचे काम" या शब्दांना भांडणाच्या वेळी काही अर्थ राहत नाही.

३) सिमेंट, सळई, वीट, वाळू, नळ आणि वायर यांचे प्रकार. शक्य तेथे आय.एस.आय. चिन्ह असलेला माल ठरवावा.

४) काम पूर्ण करण्याची तारीख आणि उशीर झाल्यास वजावट.

५) दोष दुरुस्तीची मुदत. ही लेखी हमीच असल्याने तिचे शब्द नेमके असावेत. उदाहरणार्थ, "पाया, कॉलम, बीम व स्लॅब यांतील दोष ताब्यापासून ५ वर्षांपर्यंत, तसेच गळती, गिलावा, फरशी व नळकाम यांतील दोष २ वर्षांपर्यंत, लेखी कळविल्यापासून ३० दिवसांत ठेकेदार स्वखर्चाने दुरुस्त करून देईल."

एवढी मुदत मान्य करण्यास ठेकेदार कदाचित कुरकुर करील. तरीही दोन पावसाळे व दोन उन्हाळे यांपेक्षा कमी मुदत कधीही स्वीकारू नये. गळती पावसाळ्यात कळते आणि काळ्या जमिनीची करामत उन्हाळ्यात दिसते.

पैसे हातात असेपर्यंतच हमी

कागदावरच्या हमीला पैशाचा आधार नसेल तर ती दुबळी असते. म्हणून रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी. पाया, जोते, लिंटेल, स्लॅब, गिलावा, फरशी व रंग असे टप्पे पाडावेत आणि टप्पा पूर्ण झाल्यावर, अभियंत्याने पाहिल्यानंतरच हप्ता द्यावा. घरकुल योजनेतही अनुदान बांधकामाच्या प्रगतीप्रमाणे हप्त्यांनी मिळते. सुरुवातीलाच मोठी उचल दिली की ठेकेदाराची माणसे दुसऱ्या कामावर निघून जातात, हा अनुभव अनेकांना आला असेल.

प्रत्येक हप्त्यातून ५ टक्के रक्कम अनामत म्हणून रोखून ठेवावी. सरकारी कामांत ठेकेदाराची अनामत दोष दुरुस्तीच्या मुदतीसाठी ठेवण्याची रीत आहे. तीच आपण घरीही वापरावी. समजा, ठेका १४ लाख ४० हजार रुपयांचा आहे, तर ७२ हजार रुपये आपल्या हाती राहतील. त्यातील निम्मी रक्कम पहिला पावसाळा कोरडा गेल्यावर आणि उरलेली दोन वर्षे पूर्ण झाल्यावर द्यावी असे करारात लिहावे. ठरलेल्या तारखेला ती न चुकता द्यावी, कारण ठेकेदाराच्या घामाचे पैसे अडवून ठेवणेही तितकेच गैर आहे.

यासोबत एक साधी वही ठेवावी. स्लॅब कोणत्या दिवशी पडला, सिमेंटची किती पोती लागली, पाणी किती दिवस मारले, कोणाला किती रक्कम दिली हे रोज लिहावे. पाया व सळई झाकली जाण्यापूर्वी फोटो काढावेत, कारण नंतर ती दिसत नाहीत. उन्हाळ्यात साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान १० दिवस आणि राख मिसळलेल्या पी.पी.सी. सिमेंटवर १४ दिवस पाणी मारावे. पाणी मारणे आपल्याकडे असेल तर त्यात कसूर करू नये. अन्यथा ठेकेदाराला हमीतून सुटण्यास कारण मिळते.

काम चालू असतानाची जोखीम

अर्धवट बांधकामालाही वादळ, पूर व आगीचा धोका असतो. बांधकामाच्या काळापुरता 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' हा विमा मिळतो. मोठे काम असल्यास तो ठेकेदाराने घ्यावा अशी अट घालावी. सेंट्रिंगवरून मजूर पडला तर नुकसानभरपाईचा प्रश्न उभा राहतो, म्हणून ठेकेदाराने मजुरांचा विमा उतरवला आहे काय ते पाहावे. मजूर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदलेले असावेत. १८ ते ७० वर्षे वयाच्या बँक खातेदारांना प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाख रुपयांचे अपघाती संरक्षण मिळते. घरातील माणसांनी आणि मजुरांनीही त्याचा लाभ घ्यावा.

घराचा विमा : 'भारत गृह रक्षा'

१ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सुरू झाली आहे. कंपनी कोणतीही असली तरी मूळ अटी सारख्याच असतात. या विम्यातून पुढील कारणांनी झालेल्या नुकसानीची भरपाई मिळते.

- आग, स्फोट, वीज पडणे
- भूकंप, वादळ, पूर, पाणी भरणे
- दरड कोसळणे, जमीन खचणे (वर सांगितलेले अपवाद सोडून)
- वाहन, झाड इत्यादींची धडक
- दंगल, संप व हेतुपुरस्सर केलेली नासधूस
- पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणे
- वरीलपैकी आपत्ती आल्यावर ७ दिवसांच्या आत झालेली चोरी

विम्याची रक्कम : घराचे चटई क्षेत्र गुणिले त्या भागातील बांधकामाचा दर, अशी ही रक्कम काढतात. जागेची किंमत त्यात धरत नाहीत, कारण घर पडले तरी जागा शिल्लक राहते. समजा, चटई क्षेत्र ८०० चौरस फूट आणि दर १,८०० रुपये आहे, तर विम्याची रक्कम १४ लाख ४० हजार रुपये होईल. घरातील सामानाला या रकमेच्या २० टक्के, म्हणजे या उदाहरणात २ लाख ८८ हजार रुपयांचे संरक्षण आपोआप मिळते. त्याची कमाल मर्यादा १० लाख रुपये आहे. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंसाठी मात्र वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते. पॉलिसी १० वर्षांपर्यंतच्या मुदतीची घेता येते आणि रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी वाढत जाते.

घरासोबत काय येते : कुंपणभिंत, ओसरी, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, सौर पॅनेल आणि गोबरगॅस संयंत्र हे त्याच आवारात असून घराचा भाग म्हणून वापरात असतील तर त्यांचाही समावेश होतो. मात्र हा राहत्या घराचा विमा आहे. जनावरे, ट्रॅक्टर, कांदाचाळ व विक्रीसाठीचा माल यांच्यासाठी वेगळा विमा घ्यावा.

काय मिळत नाही : मालकाने जाणूनबुजून केलेले नुकसान आणि सदोष बांधकामाचा खर्च मिळत नाही. शॉर्टसर्किटमुळे फ्रिज जळाला तर त्या फ्रिजची भरपाई नाही, पण त्यातून लागलेल्या आगीत घर जळाले तर त्या नुकसानीची भरपाई मिळते.

बँकेचे कर्ज असल्यास पॉलिसीची प्रत बँकेकडून अवश्य मागून घ्यावी. तो घराचा विमा आहे की कर्जदाराच्या जिवाचा, आणि रक्कम पूर्ण घराची आहे की केवळ कर्जाएवढी, हे पाहावे. कर्ज फिटल्यावर विमा बंद पडू देऊ नये.

"सरकार मदत देतेच, मग विमा कशाला?" असेही काही जण म्हणतात. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या आपत्ती मदतीच्या निकषांत सपाट भागातील पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये ठरविलेले होते. संकटात तेवढी मदतही मोलाची असते. पण वरील उदाहरणातील घर तेवढ्यात पुन्हा उभे राहत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर-सांगली भागाने याचा कटू अनुभव घेतला आहे.

नुकसान झाल्यावर

१) विमा कंपनीला ताबडतोब फोनने व लेखी कळवावे, तसेच तक्रार क्रमांक लिहून घ्यावा.

२) तलाठ्यांकडून पंचनामा करून घ्यावा. आग किंवा चोरी असल्यास पोलिसांत नोंद करावी.

३) आवराआवर करण्यापूर्वी फोटो काढावेत. कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत मोडतोड झालेल्या वस्तू फेकू नयेत. मात्र नुकसान वाढू नये म्हणून ताडपत्री टाकणे, पाणी उपसणे अशी कामे जरूर करावीत.

४) ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, पॉलिसी, बांधकामाची बिले आणि आपली वही तयार ठेवावी. हे कागद पुरात भिजू नयेत म्हणून एक प्रत नातेवाइकाकडे ठेवावी.

दावा अन्यायाने नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत अर्ज करता येतो. त्यांची कार्यालये मुंबई व पुणे येथे आहेत. अर्जाला फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

ठेकेदाराने हमी पाळली नाही तर प्रथम नोंदणीकृत टपालाने नोटीस द्यावी. घरबांधणी ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे 'सेवा' आहे, त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार करावी. दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास फी नाही. तोंडी ठेक्यातही तक्रार करता येते, पण काय ठरले होते ते सिद्ध करणे फार अवघड जाते.

आधी हमी, मग विमा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे दगावली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीची जड छपरे अंगावर कोसळणे हे त्यामागील मोठे कारण होते. आज भूकंपाचा विमा मिळतो, पण तो घराचे पैसे देतो, घरातील माणसे परत देत नाही. म्हणून आधी घर पक्के बांधून घ्यावे, त्याची हमी लिहून घ्यावी आणि मग विमा उतरवावा.

मेळाव्यातील त्या बांधवांनी आता वरच्या मजल्याचे काम काढण्याचे ठरविले होते. आधी अभियंत्याकडून पाया तपासून घ्या आणि नव्या कामाचा करार लिहून करा, एवढेच त्यांना सुचविले. पेरणीपूर्वी आपण उगवणशक्ती तपासतो. तसेच पाया खोदण्यापूर्वी एक संध्याकाळ बसून करार लिहिला, तर पुढील कित्येक वर्षांची चिंता कमी होईल. येत्या हंगामानंतर ज्यांना घराचे काम काढावयाचे आहे, त्यांनी हा लेख ठेकेदाराशी बोलणी करताना जवळ ठेवावा.